बारीक गोळी

चिठ्ठी निघाली ती अन्वरची, आणि मेसमधल्या निम्म्या लोकांची तोंडं उतरली.

अल ऐनच्या बाहेर, हफीतच्या डोंगराखाली ऑइल कंपनीचा कॅम्प होता. पलीकडच्या डोंगरांत रानबकरे होते. होते म्हणजे, उरले होते. जीपा आल्या, बंदुका आल्या, ज्याला त्याला भिंतीवर शिंगं पाहिजे झाली. बकरे संपत आले तेव्हा कुणाला तरी अक्कल आली आणि त्या हिवाळ्यापासून शिकारीचे परवाने मोजके झाले. साहेब लोकांच्या चिठ्ठ्या वेगळ्या. हिंदी-पाकिस्तानी स्टाफला मिळून एकच परवाना. एक माणूस, एक दिवस, एक नर.

क्लार्कने बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात हात घालून चिठ्ठी काढली आणि वाचली. जनरेटरवरचा फिटर, अन्वर, दाभोळवाला.

"ह्याला कशाला?" मागून कुणीतरी बोललं. "हा कोंबडी कापताना डोळे मिटतो."

लोक हसले. अन्वर नाही हसला. त्याला शिंगं नको होती. त्याला मटण पाहिजे होतं, आणि तेही एका माणसासाठी.

तो माणूस मोहिद्दीनचाचा. कॅम्पचा खानसामा. अन्वर गल्फमध्ये आला तो चाचाचं बोट धरून. दुबईच्या खाडीत लाँचमधून उतरला तेव्हा उलट्या करून अर्धमेला झालेला, आणि चाचाने त्याला खांद्यावर टाकून वाळूवर आणलं होतं. तोच चाचा आता खाटेवर होता. पोटात गाठ होती. डॉक्टरने हात टेकले होते. घरी पाठवायचं तर चाचाच नको म्हणाला. बायकोने, मैमुनाबीने, मला असा बघायला नको, एवढंच म्हणाला.

खाणं जवळपास बंद झालं होतं. चहात बुडवलेला पाव, कधी डाळीचं पाणी.

तसा चाचा आधीपासूनच खाण्याचा कडक. कॅम्पवर गोठवलेलं मटण खोक्यातून यायचं. चाचा ते साहेबांना रांधून घालायचा, पण इतक्या वर्षांत त्याने त्यातला रश्शाचा थेंबही जिभेला लावला नव्हता. कुणी कापलं, कसं कापलं, कुणाला ठाऊक? नुसत्या वासावर मीठ टाकायचा, आणि मीठ कधी चुकायचं नाही. साहेब पैज लावायचे त्याच्यावर.

आणि आठवड्यापूर्वी चाचा आपणहून बोलला होता, "अन्वर, भेकराचं सुकं खावंसं वाटतं रे. खोबरं भाजून केलेलं. आमच्या गावी शिकारीच्या हाक्याला जायचो तेव्हा व्हायचं तसं."

इथे भेकर कुठून आणणार? पण रानबकरा होता. म्हणून अन्वरने डब्यात चिठ्ठी टाकली होती.

बातमी ऐकून चाचा उशीला टेकून बसला. किती दिवसांनी बसला.

"बंदूक कुठली घेणार?"

"जमाल देईल ती. साहेब लोक मोठी नेतात."

"मोठी नको," चाचा म्हणाला. "मोठी गोळी लागली की जनावर जागच्या जागी खलास. मग सुरी कशावर फिरवणार, मुडद्यावर? बारीक गोळी घे. पाडायचं, मारायचं नाही. जीव राहिला पाहिजे, सुरी लागली पाहिजे. आम्ही भेकराला छर्रा मारायचो. ते कोसळायचं, हाकारे धावायचे, आणि माझ्या बापाची सुरी ते डोळे मिटायच्या आत पोचायची."

उशीखालून त्याने फडक्यात गुंडाळलेली सुरी काढली. त्याची स्वतःची, स्वयंपाकघरातली. कुणाला हात लावू द्यायचा नाही तो तिला.

"घे," म्हणाला. "आणि बिस्मिल्ला विसरू नको."

बंदुका जमालच्या ताब्यात होत्या. जमाल स्टोअरकीपर, श्रीवर्धनचा, तोंडाने तिखट. त्याने कपाट उघडलं. थ्री-नॉट-थ्री होती, एक जर्मन मोठी होती, आणि कोपऱ्यात बारीक गोळीची टू-टू, जिने पोरं कोल्हे हुसकायची.

अन्वरने टू-टूवर हात ठेवला.

"बकरा मारायला चाललायस की त्याला गुदगुल्या करायला?" जमाल म्हणाला.

"चाचा म्हणाले बारीक घे. जीव राहायला पाहिजे."

जमालने चेष्टा थांबवली. "हे बघ अन्वर. चाचांची शिकार कोकणातली. झाडी दाट, जनावर समोर येतं तेव्हा दगड मारला तरी लागेल. इथे उघडा डोंगर आहे. बकरा तुला जवळ येऊ देणार नाही. हिने लांबून मारशील तर नुसता जखमी करशील, आणि तो असा चढेल की तुझी सुरी खालीच राहील. थ्री-नॉट-थ्री घे. पायावर मार वाटलं तर."

"पायावर मारायला मी काय मिलिटरीत आहे?"

"मग शिकारीला तरी कशाला जातोस?"

अन्वरने थ्री-नॉट-थ्री उचलून बघितली. खांद्याला लावली. वजन बरं वाटलं. क्षणभर त्याला जमालचं पटलं. मग डोळ्यांसमोर उशीला टेकून बसलेला चाचा आला, त्याची ती सुरी आली, आणि ही बंदूक घेऊन आपण मुडदा आणला तर त्याला काय सांगायचं, हा विचार आला. त्याने थ्री-नॉट-थ्री परत ठेवली.

"टू-टूच लिही."

"लिहितो. माझं काय जातंय," जमाल म्हणाला. पण गोळ्या देताना दोनदा त्याच्याकडे बघितलं.

वाट दाखवायला सुहैल होता, डोंगराखालच्या वाडीतला. अनवाणी चालायचा आणि हिंदी-अरबी मिसळून बोलायचा. अन्वरच्या हातातली बंदूक बघून त्याने आपल्या जुन्या बंदुकीवर थोपटलं.

सकाळभर चढले. झाड नाही, सावली नाही, नुसता करडा दगड. ऊन वर आल्यावर सुहैलने हात आडवा केला. समोर, मधली घळ सोडून पलीकडच्या कड्यावर बकरा उभा होता. मानेवर झुपकेदार केस, मागे वळलेली आखूड शिंगं. एकटाच होता.

"बईद," सुहैल कुजबुजला. "दूर है. रुको."

ते सरपटत पुढे गेले. अजून थोडे. त्यापुढे घळच होती. बकऱ्याने मान वर केली. आता नाही तर कधी नाही.

"बिस्मिल्ला, अल्लाहु अकबर," अन्वर म्हणाला आणि घोडा दाबला.

फाटकन बारका आवाज झाला. बकरा उडाला, मागच्या पायांवर वाकला आणि वर पळाला. पोटात लागली होती.

"फिर मारो."

अन्वरने आणखी दोनदा मारली. दगडाचे टवके उडाले. सुहैलने आपली बंदूक पुढे केली. ती मोठी होती, तिने काम झालं असतं.

"नको," अन्वर म्हणाला. "जिंदा चाहिये."

सुहैलने खांदे उडवले आणि बंदूक मागे घेतली.

मग रक्ताच्या थेंबांमागे चालणं सुरू झालं. थेंब, मग बराच वेळ काही नाही, मग एखाद्या दगडावर पुसल्यासारखा डाग. बकरा थांबत होता, ते जवळ आले की पुन्हा वर सरकत होता. दुपार कलली. अन्वरची ढोपरं फुटली. शेवटी सुहैलने खाली बोट दाखवलं.

एका फटीत पडला होता. वरून घसरला असणार. फट एवढी अरुंद की माणूस आत उतरायचा नाही, आणि बकऱ्याला वर यायला ताकद नव्हती. पण जिवंत होता. पोट भात्यासारखं हलत होतं.

अन्वर पालथा पडला. फडकं सोडलं, सुरी घेतली, हात खाली घातला. पोचेना. खांदा फटीत कोंबला, गाल दगडाला घासला. सुरीचं टोक मानेवरच्या केसांना लागत होतं, चामडीला नाही.

"दोरी," तो ओरडला. "सुहैल, दोरी."

दोरी खाली वाटेत बांधलेल्या गाढवावर होती. सुहैल पळाला.

अन्वर तसाच पडून राहिला. बकरा त्याच्याकडे बघत होता. डोळा पिवळट, मधली बाहुली आडवी. अन्वर त्याच्याशी बोलायला लागला. थोडा थांब, बाबा. येतोय तो. थोडा थांब. त्यालाच नंतर कळेना, आपण हे कशासाठी म्हणत होतो. थांब म्हणजे काय, आणखी थोडा तडफड?

सुहैल दोरी घेऊन आला तेव्हा पोट हलायचं थांबलं होतं.

त्यांनी फास टाकून वर ओढला. अन्वरने तरीही सुरी फिरवली. रक्त धावून आलं नाही. काळपट ओघळ आला, बस.

"तुम बिस्मिल्ला बोला ना?" सुहैल म्हणाला. "गोली के साथ बोला. मैंने सुना. खलास, हलाल."

"आमच्यात गोळीचं नाही चालत," अन्वर म्हणाला.

बकरा गाढवावर लादून दोघं उतरले.

कॅम्पवर जमाल वाट बघत होता. त्याने बकरा बघितला, अन्वरचा सोललेला गाल बघितला आणि सगळं समजला. टोमणा मारला नाही.

"सांग, सुरी लागली म्हणून," तो म्हणाला. "मरणाऱ्या माणसाच्या तोंडात चार घास जातील. गुनाह झाला तर तुझा, त्यांचा नाही. त्यांना कुठे ठाऊक?"

अन्वर खोलीत गेला. चाचा जागा होता. केस विंचरले होते कुणीतरी.

"लागली सुरी?"

"लागली, चाचा."

चाचाने डोळे मिटून अल्लाचं नाव घेतलं. मग पडल्यापडल्या सांगायला लागला. कांदा आणि खोबरं वेगवेगळं भाज, मिरं जास्त, पाणी घालू नको, अंगच्या रसात शिजू दे. एवढं तो महिन्याभरात बोलला नव्हता.

अन्वरने रांधलं, सांगितलं तसंच. स्वतः चव घेतली नाही. ताट घेऊन गेला, चाचाच्या पाठीला उशी दिली, समोर ठेवलं.

चाचाने वास घेतला. चेहरा उजळला.

"ये, बस. एका ताटात खाऊ. पहिला घास तुझा. शिकार तुझी."

"तुम्ही खा. मी मेसमध्ये खाल्लं."

चाचाच्या बोटांत घास होता. तो तसाच राहिला. त्याने अन्वरकडे बघितलं, गालाकडे बघितलं, आणि घास हळूच ताटात परत ठेवला. बोटं चादरीला पुसली.

"किती वेळ होता जिवंत?"

अन्वरला खोटं पुढे रेटता आलं नाही. "दुपारभर."

"पोटात?"

"हो."



"बारीक गोळी घे हे मीच बोललो होतो," चाचा म्हणाला. "मुक्या जनावराला दुपारभर मारलं मी. खाटेवर पडून." मग ताट पुढे सरकवलं. "टोप उचल. सुहैलच्या घरी नेऊन दे, त्यांच्यात चालतं. फुकट घालवू नको. एवढं तरी करू त्याच्यासाठी."

"तुमच्यासाठी डाळ आणू?"

"आण नंतर. मीठ जरा कमी पडलंय बघ, त्यांना सांग."

अन्वर वाडीवर टोप घेऊन गेला. सुहैलच्या घरचे सगळे गोल बसले, त्यालाही हात धरून बसवत होते. तो दारातच उभा राहिला. सुहैलच्या आईने पहिला घास घेतला, चावला, आणि मिठाच्या वाटीकडे हात नेला.

तो रिकामा टोप घेऊन परत आला. चाचाने तोंड भिंतीकडे केलं होतं. झोपला असेल असं वाटलं.

"खाल्लं त्यांनी?"

"खाल्लं."

"मीठ?"

"कमी होतं."

"हं," चाचा म्हणाला.

अन्वरने डाळ गरम करून आणली. डाळीवर साय धरेपर्यंत तो खाटेशी बसून राहिला. चाचाने डाळीकडेही तोंड वळवलं नाही.