बारा पिवळ्या टोप्या

मित्रांनो, आधी एक सांगा, तुम्ही किती जण बसला आहात? नक्की? पुन्हा एकदा मोजलंत? बरं, राग मानू नका. मी एक जुना टकटक्या आहे, आणि संशय घेतल्याशिवाय मला कुणाशी बोलताच येत नाही.

टकटक्या हे माझं घरगुती नाव. कारखान्यात मला मोजणीयंत्र म्हणत. मुठीत मावेल एवढं पोलादी अंग, पोटावर आकड्यांच्या चार खिडक्या आणि डोक्यावर एक बटण. अंगठ्यानं बटण दाबलं की टक्! आकडा एकानं पुढे सरकतो. बस्स, एवढीच माझी विद्या. पण तिचा मला भारी ताठा होता.

माझी पहिली नोकरी धान्याच्या गोदामात. तिथले मुकादम मला मुठीत धरून पोती मोजत. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. आमचे मुकादम पाणीसुद्धा फुंकून पीत. "सगळी पोती आली हो," असं कुणी म्हणालं की ते माझ्या खिडक्यांत बघत आणि म्हणत, "माणूस चुकतो, आकडा चुकत नाही." बारा वर्षं मी हेच ऐकलं. तुम्ही ऐकलं असतंत तर तुमचंही डोकं फिरलं असतं.

पुढे मुकादम निवृत्त झाले आणि त्यांची मुलगी गाइड झाली. दूरच्या एका उष्ण देशात ती प्रवाशांना हिंडवून आणायची. निघताना वडिलांनी मला तिच्या हातात ठेवलं. "पोती एका जागी राहतात, माणसं भटकतात. जपून," एवढंच ते बोलले.

काय तो देश! सकाळी घातलेला सदरा दहा वाजता पिळून घ्यावा अशी हवा. एकीकडे समुद्र, दुसरीकडे इतकं दाट रान की भर दुपारी आत संध्याकाळ वाटावी. गाइडताईची एक पद्धत होती. पहिल्याच दिवशी ती प्रत्येक प्रवाशाला पिवळीधमक टोपी द्यायची. गर्दीत, बोटीत, रानात, कुठंही नजर टाकली की पिवळे ठिपके दिसत. बसमध्ये सगळे चढले की ती दारात उभी राहून टोप्या मोजायची. टक्, टक्, टक्. सात वर्षांत तिचा एकही प्रवासी हरवला नाही. लोक तिचं कौतुक करत आणि मी तिच्या मुठीत फुगून जाई.

मला मात्र सगळ्यांवर संशय. ड्रायव्हरकाका प्रत्येक थांब्यावर दहा मिनिटं बसच्या मागे गायब होत. माझ्या मनात लगेच शंकेची पाल चुकचुकली. पुढे कळलं, ते बिचारे मागे जाऊन गुडघ्याला तेल चोळत. पण कळलं म्हणून माझी खोड गेली नाही.

त्या खेपेला बारा प्रवासी होते. त्यांत चार मैत्रिणी होत्या, पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या. सगळ्यांची साठी उलटलेली. पोरं मार्गी लागल्यावर चौघींनी मिळून ही सहल ठरवली होती. त्यांच्यातली पुढारी म्हणजे हेडबाई, एका शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. दुसऱ्या होत्या पोस्टातल्या ताई, तिसऱ्या शिवणवाल्या ताई. या दोघी हेडबाईच्या 'हो'ला 'हो' करणाऱ्या. आणि चौथी गोगलकाकू.

गोगलकाकूवर तर माझा पहिल्या तासापासून डोळा होता. काळा चष्मा बाई कधी काढायचीच नाही. जेवताना नाही, ढग आले तरी नाही. रांगेत शेवटी चालायची. फोटोला बोलावलं की म्हणायची, "तुम्ही काढा गं, मी इथंच बरी." मी मनात म्हटलं, जो डोळे लपवतो तो काहीतरी लपवतो. कुठंतरी पाणी मुरतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रिणी खाली यायच्या आधी तिनं गाइडताईला उपाहारगृहाच्या खांबाआड बोलावलं. मी मुठीतच होतो. ती हळूच म्हणाली, "पोरी, एक सांगते, पण माझ्या मैत्रिणींना कळता कामा नये. माझी नजर कडेनं बंद होत चालली आहे. समोरचं तेवढं दिसतं, तेही भरपूर उजेड असला तर. उजेड कमी झाला की मला काही म्हणजे काही दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, वर्ष-दोन वर्षं. म्हणून आले. समुद्र एकदा डोळे भरून बघायचाय."

गाइडताईनं तिचा हात धरला. "काकू, काळजी करू नका. रानात मी तुमच्याबरोबर राहीन."

आणि मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, वा! पुढची सीट मिळवायला नवीन युक्ती दिसते. मित्रांनो, आज हे सांगताना मला माझीच लाज वाटते.

खांबाआडची कुजबुज हेडबाईनं जिन्यावरून पाहिली होती. संशय कसा असतो माहीत आहे ना? भिंतीला ओल धरते तसा. एका कोपऱ्यात दिसला की दुसऱ्या दिवशी निम्मी भिंत व्यापतो. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या टेबलावर हेडबाईचा बांध फुटला.

"काय चाललंय गं तुझं? काल दुसऱ्या बोटीतून मी हात हलवून हलवून दमले, तू ढुंकूनसुद्धा बघितलं नाहीस."

"लक्ष गेलं नाही गं."

"आणि गाइडच्या कानाला लागायला बरं लक्ष असतं! आमच्या तक्रारी करतेस की काय तिच्याकडे? पन्नास वर्षांची मैत्री आपली. नको असेल बरोबर यायला, तर तोंडानं सांग ना!"

गोगलकाकू पाण्याचा पेला उचलायला गेली तर तो धक्का लागून आडवा झाला. हेडबाई म्हणाली, "बघ, आता आदळआपट!" त्यानंतर गोगलकाकू बसमध्ये सगळ्यात मागच्या सीटवर एकटी जाऊन बसली. तिघींपैकी एकीनंही मागे वळून बघितलं नाही. "रुसली असेल, बसू दे," असं शिवणवाल्या ताई म्हणाल्या तेवढंच.

चार वाजता बस धबधब्याच्या बागेत पोचली. बाग साडेपाचला बंद व्हायची. गाइडताई गोगलकाकूचा हात धरून पायऱ्या उतरली आणि तिला धबधब्याजवळच्या बाकावर बसवलं. "इथून हलू नका, परत जाताना मी नेते." इतक्यात खालून आरडाओरडा झाला. एका प्रवाशाचा पाय शेवाळावरून घसरला, बूट पाण्यात गेला, गुडघा सोलवटला. गाइडताई धावली. औषध लाव, पट्टी बांध, त्याला आधार देत वर आण, यात पाऊण तास गेला. वरून ढग दाटून आले. ड्रायव्हरकाका भोंगा वाजवू लागले.

गाइडताई धापा टाकत बसच्या दारात चढली आणि सवयीनं माझ्यावर अंगठा ठेवला. टक्, टक्, टक्. शेवटची टोपी मागच्या सीटवर होती, खिडकीला डोकं टेकून पेंगणारी. टक्. बारा.

"सगळे आले ना?" तिनं विचारलं. पोस्टातल्या ताईंनी मागे एक तिरका कटाक्ष टाकला, पिवळी टोपी पाहिली आणि मान फिरवली. गाइडताईनं माझ्याकडे बघितलं. मी छाती पुढे काढून बारा दाखवले. तिला वाटलं, काकूंना मैत्रिणींनी आणलं असेल. बस निघाली.

वीस मिनिटांनी मोठ्या रस्त्याच्या तिठ्यावर ड्रायव्हरकाकांनी बस थांबवली. मागची टोपी उठली, खराटा काखेत मारून पुढे आली आणि म्हणाली, "येते हं दादा."

ती गोगलकाकू नव्हतीच! बागेत झाडलोट करणाऱ्या मावशी होत्या त्या. ड्रायव्हरकाका त्यांना येता-जाता तिठ्यापर्यंत सोडत.

गाइडताईच्या तोंडचं पाणी पळालं. "मावशी, ही टोपी?"

"ती काळ्या चष्म्याच्या बाईनं दिली. म्हणाली, तू दिवसभर उन्हात झाडतेस, मी तर सावलीत बसले आहे. नको म्हटलं तरी घातलीच माझ्या डोक्यावर."

"आणि ती कुठं आहे?" हेडबाई एकदम उभी राहिली.

"तिथंच, बाकावर. मी म्हटलं, बाई, चला की वर, बाग बंद होईल. तर म्हणाली, तू हो पुढे, माझ्या मैत्रिणी मला घेतल्याशिवाय जायच्या नाहीत."

मग गाइडताईनं रडत रडत सगळं सांगितलं. डोळ्यांचं, डॉक्टरांचं, समुद्राचं. हेडबाई म्हणाली, "अगं बाई! बोटीतून... तिला मी दिसलेच नव्हते. आणि मी काय काय बोलले तिला!" ड्रायव्हरकाकांनी केव्हाच बस वळवली होती.

त्या देशात संध्याकाळ रेंगाळत नाही. बाग येईपर्यंत रस्त्याच्या कडेची झाडं काळी पडली होती. त्या बाकापासून चार हातांवर दरी होती, कठडा नव्हता, आणि पायऱ्यांवर शेवाळ. मी मुठीत घामानं भिजलो होतो आणि माझ्या खिडक्यांत अजून बारा दिसत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना? साऱ्या जगावर मी संशय घेतला, आणि खोटा आकडा माझ्याच पोटात होता.

फाटकाला कुलूप लागलेलं. रखवालदार म्हणाला, "आत कुणी नाही. मी शिट्टी मारून खात्री केली आहे."

"उघडा आधी!" हेडबाई अशी कडाडली की त्याच्या हातातून किल्ली पडायची बाकी राहिली.

बाक रिकामा होता. गाइडताईची विजेरी इकडून तिकडे फिरत होती. धबधब्याच्या आवाजात हाका विरत होत्या. शेवटी उजेड एका झाडावर पडला. गोगलकाकू बाकापासून तीन पायऱ्या खाली, झाडाच्या बुंध्याला दोन्ही हातांनी मिठी मारून उभी होती. अंधार झाल्यावर वर जायला निघाली आणि वाट चुकून खाली उतरली होती. पुढची पायरी तुटलेली होती. त्याच्या पुढे काहीच नव्हतं.

"हलू नकोस!" हेडबाई म्हणाली. "आहेस तिथंच राहा. मी येते." आणि साठी उलटलेली ती बाई त्या शेवाळावरून बसून, घसरत घसरत तिच्यापर्यंत गेली. तिचा हात घट्ट धरला.

"आलीस?" गोगलकाकू म्हणाली. "उशीर केलास गं."

"सांगितलं का नाहीस आम्हाला? का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर समुद्र बघायचा सोडून तुम्ही मलाच बघत बसला असतात."

त्यावर हेडबाई हुंदके देऊन रडली. मी पोलादाचा आहे, मला रडता येत नाही. पण त्या दिवशी मला ते यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून गाइडताईनं टोप्या मोजणं सोडलं. प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघून ती नाव घ्यायची, आणि शेजारच्यानं सांगायचं, "आहे, माझ्या बाजूलाच आहे." चौघी मैत्रिणी समुद्रावर गेल्या. तिघींनी मिळून गोगलकाकूला लाट कुठून येते ते दाखवलं आणि चौथ्या दिवशी तिनं समुद्र अगदी डोळे भरून पाहिला. निरोपाच्या वेळी गाइडताईनं मला गोगलकाकूच्या हातात ठेवलं. मला वाटलं, झाली आपली हकालपट्टी. आणि खरं सांगू? ती मला योग्यच वाटली.

पण माझ्या नशिबात आणखी एक नोकरी होती. गोगलकाकूची नजर आता बरीच गेली आहे. ती मला पदराआड धरून पावलं मोजते. पलंगापासून मोरीपर्यंत चौदा. दारापासून फाटकापर्यंत एकतीस. आणि रोज संध्याकाळी आपल्या दारापासून गल्लीच्या टोकाला, हेडबाईच्या दारापर्यंत दोनशे बारा. तिथं पोचली की ओट्यावरच्या दिव्याखाली मला अगदी डोळ्याजवळ धरून आकडा वाचते. मी आता म्हातारा झालो आहे. बटण अडखळतं, तिसऱ्या खिडकीची काच धुरकट झाली आहे. मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र फडताळात धूळ खात पडलं असेल, तर त्याला तेलाचा एक थेंब द्या. अजून कुणाच्या तरी उपयोगी पडेल ते. मात्र त्याच्या भरवशावर माणसं सोडून जाऊ नका. आकडा जुळला तरी एकदा मान वळवून मागच्या सीटवर बघा.

आता शेवटचं. गेल्या पावसाळ्यात गोगलकाकूचे गुडघे दुखायला लागले, आणि तेव्हापासून माझा हिशेब चुकतो आहे. दोनशे बाराचे दोनशे झाले. मग एकशे ऐंशी. परवा तर एकशे चाळीसच. खोड जाते कुठं? मला संशय आला. माझ्याच पोटातल्या चाकाचा दात झिजला असेल म्हणून मी नीट कान देऊन ऐकलं, तर "ये गं, दार उघडंच आहे," हा हेडबाईचा रोजचा आवाज दाराकडून येतच नव्हता. ती रोज थोडी थोडी पुढे येत आता गल्लीच्या मधल्या दिव्याखाली उभी राहते, आणि दारातच उभी असल्यासारखी हाक मारते. मग हाताला धरून घरी नेते.

गोगलकाकू त्या दिव्याखाली मला डोळ्याजवळ धरते, एकशे चाळीस वाचते आणि म्हणते, "बरोबर आले बघ."