लाल ठिपका आणि मामा

अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांमागे, चादर पांघरून कोण उभं आहे ते दिसलं का, मित्रांनो? ती मी. एक जुनी सोनोग्राफी मशीन. धूळ झटकू नका, शिंका येतील. नुसतं ऐका.

कारखान्यातून मी खोक्यात बसून या दवाखान्यात आले. खोकं उघडलं ते मामांनी. मामा म्हणजे इथले शिपाई. "आली बाई आमची सून!" असं म्हणून त्यांनी मला फडक्यानं पुसलं. त्या दिवसापासून मी त्यांची सूनबाई झाले.

पोटाच्या आतलं चित्र पडद्यावर दाखवणं हे माझं काम. निरोगी यकृत राखाडी दिसतं, चरबी साठली की पांढुरकं. पण चित्राचा उजेड कमीजास्त करणारं माझं एक बटण आहे. ते नीट लागलं नाही, तर सगळंच खोटं! म्हणून डॉक्टरांनी एक रीत पाडली. रोज सकाळी पहिला पेशंट येण्याआधी मामा टेबलावर झोपायचे. पोटाला जेल लागलं की "हळू गं सूनबाई, गार लागतंय!" असं ओरडायचे. त्यांचं यकृत छान राखाडी दिसेपर्यंत डॉक्टर बटण फिरवायचे. पहिल्या दिवशी बटण जिथे थांबलं, तिथे मामांनी आपल्या लेकीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. "मामा, तुमचं यकृत म्हणजे आमचं माप," डॉक्टर म्हणाले. मामा दिवसभर छाती फुगवून फिरले.

तेव्हा पांढुरकं यकृत क्वचितच यायचं. आलं की डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांना हाका मारून दाखवत. "दारू घेता?" हा पहिला प्रश्न. पुढे दारूला कधी न शिवलेली माणसंही तसलंच यकृत घेऊन येऊ लागली. दिवसभर खुर्चीत बसणारे, बसचे ड्रायव्हर, घरातल्या बायका. मग तर शाळेच्या गणवेशातली मुलं! आता कोण कुणाला हाक मारणार? "थोडी चरबी आहे, हल्ली सगळ्यांनाच असते," असं म्हणून डॉक्टर रिपोर्ट हातात देत. माणसं निर्धास्त होऊन घरी जात. मला त्या 'सगळ्यांनाच'चा फार राग यायचा.

मामांचंही तेच चाललं होतं. जिने चढणं थांबलं, कारण लिफ्ट आली. दारापाशी बसायला स्टूल मिळालं. चहाबरोबर बिस्किटं, आणि बरे झालेले पेशंट आणून देत ती मिठाई. पोट सुटलं. "सुखाचं आहे हो," म्हणत मामा पोटावर थोपटायचे. त्यांचं यकृत हळूहळू पांढरं होत होतं, आणि डॉक्टर म्हणत, "मशीन म्हातारी झाली. चित्र पांढरं पडतंय." मग बटण जरासं मागे. मामा पुन्हा राखाडी! अहो, मी ठणठणीत होते, मापच बिघडलं होतं. पण सांगणार कशी? मला तोंड कुठे होतं? बटण ठिपक्यापासून लांब लांब गेलं, आणि त्या मंद उजेडात कितीतरी आजारी यकृतं चांगली ठरली.

एके दिवशी लेक मामांना हाताला धरून घेऊन आली. पाय सुजलेले, डोळे पिवळे. त्या दिवशी एक नव्या डॉक्टरीणबाई होत्या.

"हा ठिपका कसला?" त्यांनी विचारलं.

"माझ्या नेलपॉलिशचा," लेक म्हणाली. "बाबा सांगायचे, बटण आधी तिथेच असायचं."

बाईंनी बटण ठिपक्यावर आणलं. पडद्यावर मामांचं यकृत आलं. आक्रसलेलं, खडबडीत, भोवती पाणी साचलेलं. आमचे डॉक्टर मागेच उभे होते.

"पण डॉक्टर," मामा म्हणाले, "रोज सकाळी तर बघत होता तुम्ही मला."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. डॉक्टर भिंतीकडे तोंड करून रडले. मला तेही करता आलं नाही.

मामा गेले. नवी मशीन आली आणि मला इथे ढकललं.

मित्रांनो, सगळ्यांना आहे म्हणून एखादी गोष्ट बरी ठरत नाही. घरात कुणी सुटलेल्या पोटावर थोपटून "सुखाचं आहे" म्हणालं, तर हसू नका. हात धरून त्यांना फिरायला न्या. ते नको नको म्हणतील, तरी न्या.

माझं बटण अजून लाल ठिपक्यावरच आहे. सकाळ झाली की वाटतं, आता दार उघडेल आणि कुणीतरी ओरडेल, "हळू गं सूनबाई, गार लागतंय!"