कुपनावरचा पत्ता

“पेटी भरली म्हन्जे काय, सबीहाभाभी? चिठ्ठी बाहेरच राह्यली का?”

कडूबा टेबलावर वाकले होते. मागे त्यांची मुलगी अश्विनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत उभी. अकोल्याच्या नर्सिंग कॉलेजच्या मेलची ती वाट बघत होती.

मोताळ्याच्या बसस्टँडजवळ सबीहाचं इंटरनेट सेंटर. ज्याचा स्वतःचा ई-मेल नसे, तो अर्जावर तिचाच पत्ता लिहून मोकळा होई. ती देऊळगाव राजाला माहेरी गेली होती. तेवढ्यात मेलची पेटी बीटी बियाण्यांच्या जाहिरातींनी भरली. फोटो जड, लाइट जायची वेळ झालेली. ते मेल ती भराभर पुसत होती.

“इचारल्याबिगर जाहिरात धाडू नये, असा कायदा करा म्हनून खासदाराले निवेदन देल्लं ना आपन. तुमचीबी सही हाये, कडूबाभाऊ.”

“हाव. मंग झाला का कायदा?”

“कायचा होते!” तिने नांदुऱ्याला, बियाणे कंपनीच्या दीपकला फोन लावला. आवाज मोठा ठेवला. “दीपकभाऊ, बंद करा हे मेल. मी कवा मांगितले?”

“मांगितले ना, भाभी. आमच्या शेतकरी मेळाव्यातल्या कुपनांवर तुमचाच पत्ता हाये. खाली लिहेल हाये, माहिती धाडाले हरकत नाही. मोताळ्याच्या लोकायच्या सह्या हायेत. कडूबा कोन? त्यायची तं सगळ्यात वर हाये.”

सबीहाने फोन ठेवला.

“ट्रॅक्टरची सोडत होती,” कडूबा हळूच म्हणाले. “अन् पत्ता मले तुमचाच पाठ.”

पेटीत जागा झाली. कॉलेजचा मेल आत आला. अश्विनीने तो उभ्यानेच वाचला, पुन्हा वाचला.

“काय म्हन्ते वं?”

“पयला मेल वापस गेला म्हन्ते. आपलं उत्तर नाही, म्हनून जागा दुसरीले देल्ली.”

कडूबांनी डोक्यावरची मेळाव्यातली टोपी काढली. ठेवायची कुठे, ते त्यांना सुचेना.

“सबीहाआपा,” अश्विनी खुर्ची ओढत म्हणाली, “मले माह्या नावाचा पत्ता काढून द्या.”

पडद्यावर अर्ज उघडला. नाव, गाव, जन्मतारीख. अगदी खाली बारीक ओळ होती: कंपन्यांची माहिती मिळावी. त्या ओळीपुढे होकाराची खूण आधीच केलेली.

“सही लागते का इथं?” कडूबांनी विचारलं.

“नाही, बाबा.”

तिने ती खूण काढली. मग पान परत वर नेलं आणि आणखी कुठे अशी खूण आहे का, ते एकेक ओळ बघत खाली येऊ लागली.