गुरुवारचे आठ तारे

मित्रांनो, कॉव्हेंट्रीतल्या एका हॉस्पिटलच्या तळघरात, मोडक्या व्हीलचेअरशेजारी पडलेला मी एक जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे. १९८५ साली कारखान्यातून मी थेट डायबेटिस क्लिनिकमध्ये आलो. शाईच्या फितीवर बारीक सुया ठोकत मी ठिपक्याठिपक्याने अक्षरं उमटवायचो. आवाज इतका कर्कश, की नर्स दार लावून घेत.

डॉक्टर सुलक्षणाताईंना मात्र तो आवडे. कॉम्प्युटरला आकडे दिले, की त्या माझ्याकडून पेट्यांची चित्रं काढून घेत. ती वाचायला सोपी असतात बरं का! सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत उभे करा. मधले निम्मे पेटीत बसतात. पेटीतली खूण म्हणजे अगदी मधला आकडा. दोन्ही बाजूंच्या रेघा इतरांपर्यंत पोचतात. आणि फारच लांब पडलेल्यांसाठी एकेक तारा.

१९८८च्या हिवाळ्यात यमुनामावशींची वही आली. आठ आठवडे रोज सकाळी उपाशीपोटी त्यांनी घरीच साखर तपासली होती. सरासरी जास्त दिसली म्हणून मोठ्या डॉक्टरांनी सोमवारपासून इन्सुलिन ठरवलं. मावशी एकट्या राहत. रोज स्वतःच इंजेक्शन टोचायचं, या धास्तीने त्यांचा चेहरा उतरला होता.

सुलक्षणाताईंनी चित्र मागितलं. मी खडखड करत छापलं. पेटी छोटीशी, बेताच्या साखरेवर. आणि दूर उजवीकडे आठ तारे! ताईंनी वहीत ते दिवस शोधले. आठही गुरुवार.

"मावशी, गुरुवारी टेस्टच्या आधी काय खाता?"

"काही नाही गं! चहाचा घोटसुद्धा नाही. पूजा, दत्ताला पेढ्यांचा नैवेद्य, मग टेस्ट."

"आणि ते पेढे?"

"चारच तर असतात. प्रसाद काय टाकून द्यायचा? आणि तो कुणी खाण्यात धरतं का?"

ताईंना हसू आवरेना. "दत्तगुरू धरत नसतील, रक्त धरतं! आधी टेस्ट, मग प्रसाद. तोही कणभर."

"आणि ते इंजेक्शन?"

ताई चित्र घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. एरवीच्या सकाळी इन्सुलिनने साखर धोक्याइतकी उतरली असती, हे त्यांनाही पटलं. इन्सुलिन रद्द झालं.

मावशींनी डोळे पुसले आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "म्हणजे या खोक्याला कळलं, अन् एवढ्या शिकलेल्यांना नाही!"

माझं एवढं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही. १९९४मध्ये लेझर प्रिंटर आला, गुपचूप काम करणारा. मी खाली आलो. फीत वाळली.

मित्रांनो, माझी धूळ कुणी पुसली तर बरंच वाटेल. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्याही चित्रात एखादा तारा लांब, एकटा पडलेला दिसेल. त्याला चूक समजून खोडू नका, सरासरीत बुडवूही नका. त्याच्यामागे कुणीतरी माणूस असतं. आधी त्याला विचारा.