‘धूम्रगड’ची अंतिम गुणवत्ता यादी

लातुरात एखादी गोष्ट नुसती आवडून भागत नाही. ती कितव्या नंबराला आवडली ते सांगावं लागतं. इथं बारशाला आलेली मावशी पाळण्यात डोकावायच्या आधी विचारते, “वजनात वॉर्डात कितवं आलं?” मग व्हिडिओ गेम तरी त्यातून कसा सुटावा?

गेमचं मूळ नाव जपानी, उच्चारताना दाढ दुखावी असं. म्हणून इकडं सगळे त्याला ‘धूम्रगड’च म्हणत. सव्वीस वर्षांत त्याचे नऊ भाग निघाले. दर भागात आपण एक वीर व्हायचं, एक सोबती घ्यायचा, दोघांची नावं आपणच ठेवायची आणि गावोगाव हिंडत लोकांची कामं करायची. मधेमधे राक्षस मारायचे. शंभरेक तासांनी शेवटचं दार उघडतं, की संपलं. पण एवढ्याशा गोष्टीवरून लातूरची आणि नांदेडची माणसं आठ वर्षं एकमेकांच्या उरावर बसली होती. लातूर म्हणे चौथा भाग एक नंबर, नांदेड म्हणे सातवा. विभागीय आयुक्तालय कुणाच्या गावात यावरून भांडून दमलेल्यांनी विसावा म्हणून हे भांडण धरलं होतं.

लातूरकरांचे म्होरके उमाशंकर सर. एका मोठ्या क्लासमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवत. क्लासच्या फ्लेक्सवर फिजिक्सवाल्यांचा फोटो पुरुषभर उंच, आणि सरांचा कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. वीस वर्षं दुसऱ्यांची पोरं पहिली आणून दिली, पण आपण कुठंच पहिले आलो नाही, हे त्यांना फार लागायचं. खोटं कशाला बोला, रडूसुद्धा यायचं. धूम्रगडाच्या ग्रुपवर मात्र ‘सर म्हणतील तसं’ चालायचं. तेवढीच त्यांची गादी.

यंदा दोन्ही गावांनी ठरवलं, की एकदाची संयुक्त यादी लावून टाकू. कथेला तीस गुण, लढाईला वीस, राक्षसांच्या दर्जाला दहा, रटाळपणाबद्दल उणे गुण, आणि प्रत्येक निकालापुढं कारणाचा रकाना. ज्यानं सगळ्यात जास्त भाग पूर्ण केले असतील तो अध्यक्ष. पुरावा म्हणून टीव्हीच्या पडद्याचा फोटो पाठवायचा आणि छाननीच्या दिवशी मूळ प्रत, म्हणजे खेळायचं यंत्रच, नांदेडला सोबत आणायचं. आपल्याकडं जातीच्या दाखल्याला जे लागतं तेच, फरक इतकाच की तलाठ्याची सही नव्हती.

हे वाचलं आणि सरांच्या पायाखालची फरशी सरकली. कारण त्यांनी एकही भाग कधी पूर्ण केला नव्हता! दर भाग तीन-चार तास खेळायचा, बाकीचं इंटरनेटवर वाचून घ्यायचं. पोरांना ते हेच शिकवत: “धडा वाचत बसू नका, विचारलेले प्रश्न बघा.” त्या जोरावर त्यांनी आठ वर्षं वाद जिंकले होते. आणि लोकही असे भोळे, की कुणी कधी तपासलं नाही.

रविवारी त्यांनी बऱ्याच दिवसांनी यंत्र चालू केलं. पहिल्या भागापुढं ‘पूर्ण’ची सोनेरी खूण. दुसऱ्यापुढं खूण. असं करत नवव्यापर्यंत. एकूण तास अकराशे बारा. वर खात्याचं नाव उमाशंकर.

सर दोनदा डोळे चोळून बसले. मग त्यांच्या लातुरी मेंदूनं उत्तर काढलं: मागं ते अपडेट आलं होतं, त्यात कंपनीनं जुन्या गिऱ्हाइकांना ग्रेस मार्क दिले असणार! धर्माच्या गाईचे दात कशाला मोजा? आत उघडून काहीच न बघता त्यांनी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकून दिला.

नांदेडच्या पुढारी डॉक्टर मनस्विनी, दातांच्या. त्यांचे पूर्ण भाग भरले होते पाच. अध्यक्षपद बिनविरोध सरांकडं आलं. दुसऱ्या दिवशी लातूरच्या ग्रुपचा सेक्रेटरी सुगत, ज्याचं स्वतःचंच फ्लेक्सचं दुकान, त्यानं चौकात फ्लेक्स चढवला. ‘नऊपैकी नऊ! मा. उमाशंकर सरांचे हार्दिक अभिनंदन!’ सरांचा फोटो पुरुषभर. सर त्या दिवशी चौकातून चारदा गेले, तीनदा विनाकारण.

सरांची बायको सौदामिनी. महापालिकेच्या शाळेत शिकवायची. सकाळची शाळा, साडेबाराला घरी. सर पहाटे पाचला जे जायचे ते रात्री नवाला उगवायचे, आणि आले की ताटावर बसूनही पोरांचे पेपर तपासायचे. लेक पुण्याला शिकायला गेल्याला चार वर्षं झाली होती. त्या दिवशी सौदामिनी फ्लेक्स बघूनच घरी आली होती.

रात्री भाकरी वाढता वाढता तिनं विचारलं, “अहो, नऊच्या नऊ तुम्ही केले?”

“हाव. मग काय गंमत वाटली का?”

“कवा केले?”

“वेळ काढावा लागतो, सौदामिनी.”

“बरं. मग तिसऱ्यातल्या आंधळ्या नावाड्याला तुम्ही काय देलं? कंदील का घंटा?”

सरांचा घास तोंडातच फिरला. बायकोला नावाडी कुठून माहीत, असं एक क्षण त्यांच्या मनात आलंही. पण मी ग्रुपवर बोलतो ते ऐकत असंल, असं म्हणून त्यांनी ते गिळलं. “नावाड्याला दोनच गुण हायेत,” ते म्हणाले, “परीक्षेच्या दृष्टीनं महत्त्वाचा न्हाई तो.”

तिनं त्यांच्याकडं बघितलं. हसली नाही, रागावली नाही. “मी पण येते नांदेडला,” एवढंच म्हणाली.

नांदेडला मंगल कार्यालयाचा लहान हॉल घेतला होता. तीसेक माणसं, मागं मसालेभाताचं पातेलं, पुढं सतरंजी टाकलेलं टेबल आणि अध्यक्षांची खुर्ची. सरांना शाल, नारळ. सर त्या खुर्चीत असे बसले, की लग्नातला नवरदेव परवडला. सौदामिनी शेवटच्या रांगेत.

तेवढ्यात मनस्विनीबाई उठल्या. “अध्यक्षांची तोंडी राहिली, सर. फक्त एकच प्रश्न. नवव्याच्या शेवटी दार उघडतं, तेव्हा आत सोबती उभा असतो. तो तुम्हाला काय म्हणाला?”

लातूरकर खुशीत हसले. सरांना हे येणार नाही? पण सरांना घाम फुटला. इंटरनेटवर लिहिलेलं होतं, की हे वाक्य ज्याचं त्याचं वेगळं असतं. तुम्ही सोबत्याला जसं वागवलं तसं तो बोलतो. म्हणजे गाईड नाही, अपेक्षित प्रश्नसंच नाही, काहीच नाही!

“तो... शाब्बास म्हणाला,” सर म्हणाले.

“मूळ प्रत लावून बघू की,” मनस्विनीबाई गोड आवाजात म्हणाल्या. दात काढण्याआधी डॉक्टर जसं ‘काही दुखत नाही’ म्हणतात, तसं.

सुगतनं मोठ्या फुशारकीनं यंत्र पडद्याला जोडलं आणि नववा भाग उघडला. सरांना उठून पळावंसं वाटलं, पण शाल खुर्चीत अडकली होती.

पडद्यावर नावं आली. वीर: सौदामिनी. सोबती: उमाशंकर.

पडद्यावरचं दार उघडलं. आत एक मध्यमवयीन, जरा पोट सुटलेला सोबती दिवा घेऊन उभा होता. तो म्हणाला, ‘इतकं हिंडलो, पण तू एकदाही मला मागं सोडलं नाहीस.’

सर पडद्याकडं बघतच राहिले. अकराशे बारा तास. रोजच्या दुपारी. हे त्यांनी मनातल्या मनात मोजलं. त्यांना चोरी पकडली गेल्याची लाज वाटायला हवी होती. ती वाटलीच, पण तिच्याहून मोठी लाज त्या दुपारांची वाटली.

ते उठले. “मंडळी, मी एकबी भाग पुरा केलेला न्हाई. हे सगळं तिचं हाय.”

“आता गं बया!” मागून मसालेभातवाली म्हणाली.

सुगत सरांकडं बघेना. मग एक लातूरकर खाकरला आणि म्हणाला की त्याचाही सहावा अर्धाच हाय. एका नांदेडकरानं सातवा ‘जवळजवळ’ पूर्ण असल्याचं कबूल केलं. ज्या सातव्यासाठी त्यानं साडूशी बोलणं सोडलं होतं तोच. पाच मिनिटांत हॉलभर अर्धवटांचा बाजार भरला. शेवटी मनस्विनीबाईच म्हणाल्या, “अध्यक्ष या. पुढं या, सौदामिनीताई.”

सौदामिनी पदर सावरत खुर्चीवर बसली. सर बाजूच्या स्टुलावर कागद घेऊन बसले, लिहून घ्यायला.

“एक नंबर?” मनस्विनीबाईंनी विचारलं.

“तिसरा.” दोन्ही गावं एकदम हळहळली. “त्यात कुणी घाई करत न्हाई. नावाड्याशी नुसतं बोलत बसता येतं.”

असं करत तिनं आठ जागा भरल्या. चौथा भाग पाचवा आला, सातवा भाग सहावा.

“आणि शेवटच्या जागेवर नववा?” मनस्विनीबाईंनी विचारलं. “त्याला तर जगभर पैकीच्या पैकी दिलेत! कथा उत्तम, लढाई उत्तम. कारण काय लिहायचं?”

“तो संपला त्या दिवशी मला लई आनंद झाला होता,” सौदामिनी म्हणाली. “सांगायला घरात कुणी नव्हतं.”

सरांनी रकान्यात ते शब्दच्या शब्द लिहिलं. अक्षर चांगलं काढलं.

मनस्विनीबाई कागदावर वाकल्या. “पण सर, या कारणाला गुण कुणाचे कापायचे? खेळाचा तर काही दोष नाही.”

“माझे कापा,” उमाशंकर सर म्हणाले.