जळक्या तुकड्याकडे

राष्ट्रीय उद्यानात वणवे पेटल्याला एकेचाळीस दिवस झाले होते. मुख्य कचेरीतल्या वायरलेसच्या खोलीत बसणारी नणंद आणि डोंगरावर पथक घेऊन फिरणारी तिची वहिनी दिवसातून वीसदा एकमेकींशी बोलत, पण फक्त कामाचं. एरवी सात महिने अबोला होता. नणंदेची आई दवाखान्यात असताना वहिनी कामावर होती, आणि नणंद चारचौघांत बोलून गेली होती, "यांना नोकरीपुढे माणसं दिसत नाहीत." आई बऱ्या होऊन घरी आल्या, पण या दोघींचं बोलणं बंद ते बंदच.

त्या दुपारी दोनच्या सुमारास वारा फिरला. टेहळणीच्या मनोऱ्यावरून निरोप आला : आग ओढ्यातून वर चढतेय, पथक दोनच्या खाली.

नणंदेने बटण दाबलं. "पथक दोन, खालची वाट बंद झालीय. आहात तिथून हला."

"आम्ही पाच जण आहोत. वर कड्याकडे जातो," वहिनीचा आवाज आला. मागे कोणीतरी खोकत होतं.

"वर नको! चढावर आग तुमच्यापेक्षा जोरात धावेल." भिंतीवरच्या नकाशात जळून गेलेला प्रत्येक तुकडा तिने स्वतः काळ्या पेन्सिलीने रंगवला होता. "डावीकडे वळा. आठवड्यापूर्वी जळलेला उतार आहे. तिथं पेटायला काडीसुद्धा उरलेली नाही."

"डावीकडे नुसता धूर आहे. काही दिसत नाही."

"दोनशे पावलं. माझ्यावर विश्वास ठेवा आणि पळा, वहिनी!"

ती 'वहिनी' म्हणून गेली होती. पलीकडून उत्तर आलं नाही. नुसती खरखर.

कचेरीचे साहेब आत आले. "तुझीच वहिनी आहे तिकडे. तू ऊठ, दुसऱ्या कोणाला बसव."

"मी उठणार नाही, साहेब."

ते शेजारी उभे राहिले. ती दर दोन मिनिटांनी हाक देत होती. आपलं मोजणं चुकलं असेल तर, हा विचार तिने चारदा मागे ढकलला.

छत्तीस मिनिटांनी खरखर थांबली.

"पथक दोन. पाचही जण धड आहोत. राखेत बसलोय. आग बाजूने वर निघून गेली." थोडं खोकून, "आणि दोनशे कसली? चांगली साडेतीनशे पावलं होती."

"तुमची पावलं लहान," नणंद म्हणाली आणि टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडली. साहेबांनी तिच्या हातातून माईक घेतला आणि जीप पाठवली.

जीप आली तेव्हा अजून ऊन होतं. वहिनीच्या भुवया करपल्या होत्या, बुटांचे तळ मऊ पडून वाकडे झाले होते. नणंदेने अंगणातल्या नळाला पाईप लावून तिच्या डोक्यावर पाणी सोडलं. काळं पाणी वाहत राहिलं.

"त्या दिवशी मी बोलायला नको होतं," नणंद म्हणाली.

"नकोच होतं," वहिनी डोळे मिटून म्हणाली. "जरा मानेवर सोड. हं, तिथंच."

वणवे पुरते विझायला आणखी अकरा दिवस लागले.