गेन्नादी साव्विचचे उंबरठे

सत्तावीस देशांनी गेन्नादी साव्विच झिमिन या बँकरचं नाव बंदीच्या यादीत घातलं, त्या सकाळी त्याच्या मॉस्कोतल्या फ्लॅटचा उंबरठा हातभर रुंद झाला. आदल्या दिवशी तो उंबरठा मुळात नव्हताच.

गेन्नादी साव्विचने वाकून लाकडावर टिचकी मारली. "ओक आहे. सारातोव्हच्या शाखेचा. हा वाकडा खिळा मीच ठोकला होता."

"मग तो इथं काय करतोय?" नेल्ली बोरिसोव्हनाने विचारलं. ती तीस वर्षं त्याची सेक्रेटरी होती आणि वाकडे खिळे तिला आवडत नसत.

"आलाय. इतकी वर्षं बाहेर होता, आता घरी आलाय. गालिचा टाका त्याच्यावर."

आता रशियातली रीत अशी, की उंबरठ्यावरून हात मिळवायचा नाही. पाहुण्याने आत यावं, नाहीतर यजमानाने बाहेर जावं. मध्ये लाकूड ठेवून हात धरला की भांडण लागतं, हे तिथलं दुधपितं पोरही जाणतं. गेन्नादी साव्विचची सगळी कारकीर्द या रीतीवर उभी राहिली. तो सारातोव्हला साधा कॅशियर होता तेव्हा बेअरिंग कारखान्याच्या डायरेक्टरने घाईघाईत दारातूनच हात पुढे केला. पोरगेला कॅशियर म्हणाला, "आत या की. चहा तरी घ्या." डायरेक्टर आत आला, सात ग्लास चहा प्याला आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या कारखान्याची खाती गेन्नादी साव्विचच्या टेबलावर आली.

त्यावरून तो एकच गोष्ट शिकला. माणूस अडतो तो या लाकडापाशी. स्वतःची बँक काढली तेव्हा पहिल्या शाखेचा उंबरठा त्याने स्वतः करवतीने कापून काढला. मग आणखी दोनशे अकरा कापवले. 'पाय न उचलता आत या' अशी पाटी प्रत्येक दारावर होती, आणि लोक येत होते. ओम्स्कला एक बाई गायीसकट आत आली आणि गायीच्या नावाने खातं उघडून गेली. गाय सहीच्या वेळी जरा थांबली, एवढंच.

चूक झाली ती नंतर, याच फ्लॅटच्या दारात. गणवेशातला एक माणूस कर्जाचा कागद घेऊन आला. आत या म्हटलं तर म्हणाला, "मी आत येत नसतो. हात द्या."

"गेन्नादी साव्विच, दारातून नको!" नेल्ली बोरिसोव्हना मागून ओरडली.

"अहो, उंबरठाच नाही इथं. कापलाय. मग दारातून कसं होईल?" असं म्हणून त्याने हात दिला.

त्या कर्जातून तोफा झाल्या, तोफांतून बातम्या झाल्या, बातम्यांतून यादी झाली. गेन्नादी साव्विचच्या उजव्या तळव्यावर मात्र हात दिला त्याच दिवशी लाकडासारख्या उभ्या रेघा उमटल्या होत्या. टिचकी मारली की ओकचा आवाज येई.

यादीनंतर रोज दोन-तीन उंबरठे येत गेले आणि आधीच्यांना चिकटून बसत गेले. रियाझानचा पाइन, इर्कुत्स्कचा देवदार, त्यावर अजून न वितळलेला बर्फ. त्यांना जागा लागे, म्हणून खोल्या मागे सरकत. मंगळवारी पुस्तकांची खोली गेली. शुक्रवारी जेवणघर गेलं, मांडलेल्या ताटांसह.

"घर लहान होतंय," नेल्ली बोरिसोव्हना म्हणाली.

"दार मोठं होतंय," गेन्नादी साव्विच म्हणाला. "बँकरला आणखी काय हवं?" त्याने उंबरठ्यावर बाक टाकला, कुंड्या ठेवल्या आणि सकाळी तिथंच फेऱ्या मारायला सुरुवात केली.

फक्त हाताचं प्रकरण जड जाऊ लागलं. शिंपी माकार मापं घ्यायला आला आणि जाताना आपुलकीने तो उजवा हात दाबून गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या न्हाणीघराच्या दारात उंबरठा उगवला. माकार अजून नळाकडे चालतो आहे. बायको त्याच्याकडे पाव फेकते, निम्मे पोचतात. तेव्हापासून गेन्नादी साव्विच उजवा हात खिशात ठेवी.

आणि अशात मुलीचा फोन आला. ताइसिया इटलीत, त्रिएस्तला राहत होती. तिचा मुलगा दहा महिन्यांचा झाला तरी आजोबांनी त्याला पाहिलं नव्हतं. विमानतळ त्यांना बंद होते.

"पापा, गुरुवारी येतेय. ल्योवाला घेऊन."

"ये. एकदा मांडीवर घेतो, मग खुशाल आणखी सत्तावीस देश येऊ देत."

गुरुवारपर्यंत घराची एकच खोली उरली, तीही कपाटाएवढी. तिच्यात नेल्ली बोरिसोव्हना किटली घेऊन उभी होती. सकाळी आठला गेन्नादी साव्विच काठी, थर्मास आणि दोन सँडविच घेऊन बाहेरच्या दिशेने निघाला. प्रत्येक लाकूड तो ओळखत होता, नावाने बोलवत होता. दुपारी लांबवर, जिन्यापाशी, काडेपेटीतल्या काडीएवढी ताइसिया दिसली.

"पापा! तब्येत कशी आहे?"

"झकास! तू पाय टाकू नकोस. मी येतो!"

तीन वाजेपर्यंत तो चालला. ताइसिया काडीएवढीच राहिली. त्याला काळजी वाटली नाही. पाय चांगले होते. दुसरं सँडविच खाताना त्याने पाहिलं, काडीपासून एक ठिपका सुटला आणि लाकडावरून येऊ लागला.

"ल्योवा! अरे, मागे ये!" ताइसिया ओरडली. "पापा, धरा त्याला!"

"डाव्या हाताने धरतो, घाबरू नकोस!"

ल्योवाचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. उंबरठ्याला तो माहीत नव्हता, म्हणून त्याच्यापुरता उंबरठा आखडून घेत होता. जे अंतर आजोबांना दिवसभर सरलं नाही, ते त्याने रांगत पाच मिनिटांत संपवलं. ओम्स्कच्या लाकडावर तेवढा थांबला, तिथलं काहीतरी उचलून तोंडात घातलं आणि पुढे आला.

गेन्नादी साव्विच मांडी घालून बसला. उजवा हात त्याने पाठीमागे नेला. डाव्या हाताने सोन्याचं घड्याळ हलवलं. "हे बघ. घे. सगळं तुझंच आहे."

ल्योवाने घड्याळाकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, मग आजोबांच्या खांद्यापलीकडे पाहिलं.

"पापा, मिळाला का?"

"मिळाला! हुशार आहे. लबाडी लगेच कळते याला." गेन्नादी साव्विच मोठ्याने हसला. ल्योवा शेजारी आल्यावर त्याच्याभोवतीचाही उंबरठा आता पावलाएवढा उरला होता. कपाटाएवढ्या खोलीतून किटलीची शिट्टी अगदी कानाशी आली.

"गेन्नादी साव्विच," नेल्ली बोरिसोव्हना हळूच म्हणाली, "वळा. तो हाताकडे निघालाय."

तो बसल्या बसल्या वळला. ल्योवाही वळला. तो पुन्हा वळला. ल्योवाने एक तळवा लाकडावर टेकला, दुसरा ओला तळवा उघडा करून पुढे धरला, आणि पाठीमागे काय लपवलंय ते बघायला आजोबांना वळसा घालून निघाला.